बोंडल्यावर आलेला आळ

मित्रांनो, माझ्या पोटात विष आहे, असे एके काळी आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना वाटत होते. कोणी मला हुंगून पाहत होते, कोणी उन्हात धरून माझ्या नळीत डोळा घालत होते. त्या दिवसांची हकिकत तुम्हाला सांगावी, असे फार वर्षांपासून मनात आहे.

मी एक जुने पितळी बोंडले आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी बोंडले पाहिलेच नसेल. मुठीत मावेल एवढी वाटी समजा, आणि तिच्या कडेला चिमणीच्या चोचीसारखी निमुळती नळी. ज्या लेकराला आईचे दूध मिळत नाही, त्याला मांडीवर आडवे घ्यायचे, ओठांत ही नळी द्यायची आणि वाटी हळूहळू कलती करायची. लेकराचे पोट भरते. माझ्यासारख्याचे काम एवढेच.

माझा जन्म भंडाऱ्याला एका कासाराच्या घरी झाला. तिथून मोठमोठ्या घागरी आणि हंड्यांच्या खालच्या कोपऱ्यात बसून मी बाजारात आलो, आणि तिथे मला उदारामांनी विकत घेतले. त्यांची बायको बाळंतपणात गेली होती आणि घरी तान्ही मुलगी रडत होती. तिचे नाव दुर्पता. उदारामांनी दुसरे लग्न केले नाही. शेळीचे दूध माझ्यात ओतून, आपल्या हाताने पाजून त्यांनी तिला वाढवले. नांगर धरून घट्टे पडलेल्या त्या हातात मी कधी हिंदकळलो नाही.

त्यांचे घर नवेगाव बांधच्या मोठ्या तलावाजवळ होते. तलावाच्या मातीच्या पाळीखाली त्यांची धानाची बांधी होती, म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेले शेत. जमीन उत्तम, पाणी हाताशी. पण उदारामांचा स्वभाव संशयी झाला होता. एका कोरड्या वर्षी त्यांच्या सख्ख्या भावाने, दुधरामने, त्यांच्या बांधीचा बांध गुपचूप फोडून पाणी आपल्या शेतात वळवले. त्या वर्षी उदारामांचे धान वाळून गेले. तेव्हापासून त्यांचा कोणावर भरवसा उरला नाही. तांदूळ साठवायच्या बांबूच्या ढोलीत ते वरचा थर सारखा करीत आणि त्यावर आपल्या उजव्या पंजाचा ठसा उमटवून ठेवीत. ठसा मोडला की घरात चौकशी सुरू होई. मांजराने मोडला तरी माणसाचीच चौकशी होई.

दुर्पता मोठी झाली. एकुलती एक लेक, म्हणून तिच्यासाठी घरजावई आणायचे ठरले. दरेकशाच्या डोंगराकडचा एक मुलगा पाहिला. मनीराम त्याचे नाव. घरची जमीन नाही, पण अंगात काम होते. बोलणे फार कमी, आणि तेच त्याला नडले. जो माणूस कमी बोलतो त्याच्या पोटात काय आहे, असा प्रश्न उदारामांना रोज पडायचा. मनीराम रानातून झाडाच्या साली, मुळ्या आणायचा. पोट दुखले, ताप आला, तर उकळून द्यायचा. उदाराम तो काढा कधी घेत नसत.

"डोंगराकडचा मानूस. कोनती मुळी कायची, आपल्याले काय ठाऊक?" असे ते शेजाऱ्यांना सांगत.

मनीराम ते ऐकायचा आणि बैलांना चारा घालायला निघून जायचा.

दुर्पताला दोन मुले झाली. त्या दोघांनीही माझ्या नळीतून दूध, पाणी, औषध घेतले. शेजारच्या बायका मला मागून नेत आणि परत देताना म्हणत, "या बोंडल्यानं लेकरू वाचलं." मित्रांनो, खोटे कशाला बोलू, ते ऐकताना मला फार बरे वाटे. मग लेकरे मोठी झाली, पेल्याने पाणी पिऊ लागली आणि मी कोनाड्यात गेलो. तिथे माझ्यावर धूर आणि धूळ बसू लागली.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षे झाली होती. धानाची मळणी संपत आली होती. एका सकाळी उदाराम खळ्यावर गेले आणि तिथेच कोसळले. माणसांनी खाटेवर घालून घरी आणले, तेव्हा त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. उजवा हात, उजवा पाय लोळागोळा झाला होता. ते काहीतरी सांगू पाहत होते, पण तोंडातून नुसता घरघर आवाज येत होता. लकवा झाला, असे सगळे म्हणाले. तेल चोळणारा आला, मंतरलेला दोरा बांधणारा आला. हातात थोडीही हालचाल आली नाही.

पेल्याने पाणी दिले तर ते उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून गळून उशी भिजे. तेव्हा दुर्पताला माझी आठवण झाली. तिने मला राखेने घासले, धुतले आणि मनीरामच्या हातात दिले.

"यानं पाजून पाहा जी," ती म्हणाली.

आणि तेव्हापासून उदारामांचे सगळे मनीराम करू लागला. सासऱ्याचे हगणे-मुतणे काढायला जावई, हे गावात कोणी पाहिले नव्हते. तो त्यांना पुसून काढायचा, अंगाखालचे लुगड्याचे धडपे बदलायचा, उचलून कुशीवर करायचा. आणि भुकेच्या वेळी त्यांना उताणे निजवून, मान मांडीवर घेऊन, लेकराला पाजतात तसे माझ्यातून पेज पाजायचा. पेज म्हणजे तांदळाची पातळ, खारट कांजी. त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती. त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

पहिल्या दिवसापासून उदारामांना ठसका लागू लागला. दोन घोट गेले की ते खोकत, चेहरा लाल होई, डोळ्यांतून पाणी येई. आवाज ओला, घोगरा येई. मनीराम त्यांची छाती चोळायचा, थोडे थांबायचा आणि पुन्हा नळी ओठांत द्यायचा. काही दिवसांनी उदाराम मला पाहताच दात आवळून घेऊ लागले. मान वळवत. डाव्या हाताने, जो चांगला होता त्याने, मला ढकलून देत. एकदा मी मनीरामच्या हातातून सुटून जमिनीवर पडलो. सगळी पेज सांडली.

नेमका त्या वेळी दारात कवडू उभा होता.

कवडू हा दुधरामचा मुलगा, म्हणजे उदारामांचा पुतण्या. बाप मेल्यावर त्याने काकाशी बोलणे पुन्हा सुरू केले होते, पण काकाने त्याला उंबरठ्याच्या आत फारसे घेतले नव्हते. आता तो रोज यायचा. मनीरामला वाटे, हा काकाला पाहायला येत नाही, पाळीखालची बांधी पाहायला येतो. कवडूला वाटे, हा जावई सेवा करीत नाही, मरणाची वाट पाहतो आहे. दोघेही एकमेकांना "बसा जी" म्हणत आणि दोघेही उभेच राहत.

"जवाई, काका तुमच्या हातचं काऊन नाई घेऊन राहिले?" कवडूने विचारले.

"ठसका लागते त्याईले," मनीराम म्हणाला.

"ठसका लागते का तुमाले पाहून घाबरतेत?"

 मनीरामने मला उचलले आणि विहिरीवर धुवायला नेले. मित्रांनो, तो काहीतरी बोलला असता तर बरे झाले असते. निरपराध माणूस गप्प राहिला की लोक त्याच्या गप्पपणातही काहीतरी शोधतात. पेज सांडल्यावर भांडे एवढ्या घाईने धुवायला का नेले, हा प्रश्न संध्याकाळच्या आत गावभर झाला.

मग उदारामांना ताप आला. अंग भाजत होते, श्वास लवकर लवकर चालत होता, छातीत चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज येत होता. मनीराम रानात गेला आणि तापावरची साल घेऊन आला. उकळली, गाळली आणि माझ्यात ओतली. त्या काढ्यानेही ठसका लागला, आणि दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला. आता लोकांना आणखी काय हवे होते?

कवडूने दुर्पताला अंगणात गाठले. मी खिडकीत उन्हाला ठेवलेलो होतो, मला सगळे ऐकू आले.

"बाई, मी तुहा भाऊ आहो म्हनून सांगतो. काकाच्या मागं हे सारं कोनाचं होते? तुह्या नवऱ्याचं. काका जलमभर ज्याच्या हातचा काढा पेले नाई, तोच काढा त्याईच्या नरड्यात वतून राहिला तो. आन काका दिवसेंदिवस खाली जाऊन राहिले."

"असं नोको बोलू दादा," दुर्पता म्हणाली.

"मी नाई बोलत. तुहा बापच बोलून राहिला. तो तोंड मिटते, ते तुले दिसत नाई का?"

दुर्पताने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. त्या दिवशी तिने पेज केली, माझ्यात ओतली, आणि नवऱ्याला हाक मारण्याआधी दाराकडे पाहिले. मग तिने माझ्यातली थोडी पेज तळहातावर घेतली आणि जिभेने चाखली. थोडा वेळ तशीच बसून राहिली. काही झाले नाही. मग तिने मनीरामला हाक मारली. पण तो पाजायला बसला तेव्हा तिने पुन्हा एक निमित्त काढले. "थांबा जी, गरम आहे का पाहू द्या," म्हणून मला त्याच्या हातून घेतले आणि पुन्हा चाखले.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्यांदा मनीरामने मला तिच्या हातात देऊन टाकले आणि तिच्याकडे पाहिले. त्याला कळले होते.  तो उठून गोठ्यात गेला आणि त्या दुपारी जेवायला आत आला नाही.

मी अनेक लेकरांच्या ओठांना लागलो होतो. त्यांचे रडणे, उलट्या, ताप, सगळे पाहिले होते. पण त्या घरातली त्या दिवसाची शांतता मला सगळ्यांत जड वाटली.

त्यानंतर कवडू दोन माणसे घेऊन आला. काकाला आपल्या घरी नेतो म्हणाला. मनीराम दारात आडवा उभा राहिला.

"मामाजीले ताप आहे. हलवू नोका."

"दुर्पताले इचारू," कवडू म्हणाला. "तिचा बाप आहे."

सगळ्यांनी दुर्पताकडे पाहिले. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. खाली पाहत एवढेच म्हणाली, "घेऊन जाय, दादा."

मनीराम दारातून बाजूला झाला. माणसांनी खाट उचलली. उदारामांचा डावा हात खाटेबाहेर आला आणि हवेत काहीतरी धरू पाहू लागला. दुर्पताने मला त्यांच्या उशाशी ठेवले, म्हणून मीही त्या घरातून निघालो.

कवडूबद्दल मी खोटे सांगणार नाही. बांधीवर त्याचा डोळा होताच. पण काकावर त्याचा जीवही होता. लहानपणी, भावाभावांचे वैर होण्याआधी, हाच काका त्याला खांद्यावर बसवून तलावावर नेत असे. त्याने आपल्या घरात सगळ्यांत उबदार कोपरा काकाला दिला. काकाला तलावातली मासळी आवडते म्हणून त्याने ताजी मासळी आणून रस्सा केला, भात मऊ कालवला, आणि स्वतःच्या हाताने भरवायला बसला. खाटेवर उताणे निजवूनच. भाताचा घास बोटांनी, आणि रस्सा माझ्यातून.

"घ्या काका. इथं भेव नाई तुमाले," तो म्हणत होता.

उदारामांनी एक घोट घेतला आणि जो ठसका लागला, तो थांबेना. ओठ काळे-निळे पडले. कवडूने घाबरून त्यांना कुशीवर वळवले, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने श्वास ठिकाणावर आला. पुढल्या वेळीही तसेच झाले. त्याच्या हातालाही काका दात आवळू लागले. ताप तर एवढा वाढला की काका कोणाला ओळखेनासे झाले.

आता कवडू भ्याला. गावात आता त्याच्याविषयी बोलणे सुरू होईल, हे त्याला कळत होते. "काका तुह्या घरी मेला," असे लोक म्हणणार. आणि त्याला वाटले, दोष माझ्यातच असला पाहिजे.

"त्या मनीरामनं या बोंडल्याले कायतरी लावून ठेवलं," तो बायकोला म्हणाला.

मग त्याने मला चिंचेने घासले, राखेने घासले, नळीतून तार फिरवली. उन्हात धरून आत पाहिले. तरी समाधान होईना, म्हणून माझ्यात पेज ओतून ती अंगणातल्या कुत्र्याला पाजली आणि दिवसभर त्या कुत्र्याकडे पाहत बसला. कुत्र्याला काहीही झाले नाही. दुसऱ्या सकाळी ते शेपूट हलवत पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले.

त्याच सकाळी बातमी आली की मनीराम गावात नाही. दुर्पताला काही न सांगता तो पहाटेच कुठे तरी निघून गेला होता.

"पळाला," कवडू म्हणाला. "दरेकशाले पळाला. आता तरी पटलं का?"

दुर्पता बापाच्या उशाशी येऊन बसली होती.  तिचा चेहरा मी जवळून पाहत होतो. तिलाही तसेच वाटत होते.

दुपार कलल्यावर अंगणात दोन सायकली आल्या. एकीवर मनीराम होता. ती सायकल त्याने कोणाची तरी मागून आणली होती आणि चालवायची सवय नसल्यामुळे त्याचे गुडघे फुटले होते. दुसरीवर चुन्नीलाल डॉक्टर होते. ते मूळचे गोंदिया शहराचे. आजूबाजूच्या गावांचे बाजार भरत, त्या त्या दिवशी तिथे बसून रोगी पाहत. मनीराम त्यांना एका बाजारात शोधायला गेला, तर ते दुसऱ्या बाजाराला निघून गेले होते. तो त्यांच्या मागोमाग गेला आणि त्यांना घेऊनच आला.

कवडूने वाट अडवली. "डाक्तरले काय सांगून आनलं तुमी?"

"मानूस मरून राहिला, एवढंच सांगतलं," मनीराम म्हणाला.

डॉक्टर खाटेजवळ बसले. ताप पाहिला, छातीला नळी लावून पुढून-मागून ऐकले. मग त्यांनी मान वर केली आणि विचारले, "इनको खिलाता कौन है?"

 सगळ्यांची नजर एकाच वेळी मनीरामकडे वळली. डॉक्टरांनी ते पाहिले. त्यांनी मला उचलले, हुंगले आणि नळीवर बोट फिरवले.  दुर्पताचे डोळे त्या बोटावर होते.

डॉक्टरांनी मला खाली ठेवले. बोटाला स्वच्छ फडके गुंडाळले आणि उदारामांचा उजवा गाल आतून पुसला. मित्रांनो, त्या लुळ्या गालातून जे निघाले ते पाहून दुर्पताने तोंड फिरवले. आंबलेला, काळपट भाताचा गोळा होता. घाण वास सुटला. आणि त्या गोळ्यात मासळीचा एक बारीक काटा होता.

"ये मछली किसने दी?"

"मी," कवडू हळूच म्हणाला. "काकाले आवडते म्हनून."

"आणि पेज?"

"मी," मनीराम म्हणाला.

डॉक्टरांनी मनीरामला सांगून उदारामांना उचलून बसते केले. पाठीशी तांदळाची पोती लावली. तोंड स्वच्छ केले. मग चमच्याने थोडेसे पाणी जिभेवर घातले आणि आपली दोन बोटे त्यांच्या कंठावर ठेवली. कंठ उशिरा हलला, अर्धवट हलला. मग ओला खोकला आला.

"सुना?" डॉक्टर म्हणाले. "लकवा नुसता हाता-पायाला होतो, असं तुम्हाला वाटतं. इनका गला भी आधा सो गया है. आपल्या घशात दोन रस्ते आहेत, एक पोटात जातो, एक फेफड्यात. आपण गिळतो तेव्हा फेफड्याचं दार बंद होतं. यांचं दार वेळेवर बंद होत नाही. तुम्ही झोपवून पाजता, पेज फेफड्यात उतरते. गालात सडलेली घाण पण तिच्याबरोबर आत जाते. म्हणून बुखार. ये निमोनिया है. जहर-वहर कुछ नहीं."

कवडू म्हणाला, "मंग ते दात काऊन आवळतेत? जवायाच्या हातचं काऊन नाई घेत?"

"तुम्ही त्यांना विचारलं?"

"त्याईले बोलता नाई येत."

"ऐकता येतं ना?" डॉक्टर म्हणाले आणि उदारामांच्या कानाशी वाकले. तापात असले तरी बसते केल्यावर त्यांना जरा शुद्ध आली होती. "बाबा, हो असेल तर माझा हात दाबा. या जावयानं तुम्हाला काही वाईट दिलं?"

उदारामांचा डावा हात डॉक्टरांच्या हातात तसाच पडून राहिला.

"पाणी पिताना जीव गुदमरतो? भीती वाटते?"

या वेळी त्या हाताने डॉक्टरांचा हात दाबला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा दाबला. मग तो हात सुटला आणि स्वतःच्या गळ्याशी गेला. उदारामांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. इतके दिवस ते पाण्याला भीत होते, आणि आम्ही सगळे ती भीती कोणाच्या तरी नावावर घालत होतो.

दुर्पताने पुढे होऊन पदराने ते डोळे पुसले.

एवढ्यावरही सुई टोचायची म्हटल्यावर कवडू पुन्हा अडला. पेनिसिलीन हे नाव त्याने ऐकले होते आणि त्या सुईने माणूस तिथल्या तिथे मेल्याचेही ऐकले होते. डॉक्टर जावयाने आणलेला, तेव्हा सुईही जावयाचीच, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "क्वचित कोणाला ती सोसत नाही, हे खरं आहे. मी बसून राहीन. पण नाही दिली तर काय होईल, ते मी आताच सांगतो. हे जातील."

"द्या," दुर्पता म्हणाली. त्या दिवसात तिने मोठ्याने उच्चारलेला तो पहिला शब्द होता. "माहा बाप आहे. द्या."

सुई दिली. डॉक्टर अंधार पडेपर्यंत उशाशी बसून राहिले. पुढे काही दिवस ते रोज सायकलने येत. ताप एकदम उतरला नाही. एक दिवस उतरे, दुसऱ्या दिवशी चढे, आणि चढला की कवडू पुन्हा सुईच्या डब्याकडे रोखून पाहू लागे. पण हळूहळू छातीतला आवाज कमी झाला. एके सकाळी उदारामांनी डोळे उघडले आणि दुर्पताला पाहून ओठ हलवले.

डॉक्टरांनी सगळ्यांना रीत शिकवली. जेवताना बसते करायचे, जेवणानंतरही बराच वेळ बसते ठेवायचे. पातळ पेजेऐवजी दाट, घोटलेली द्यायची, चमच्याने, थोडी थोडी, चांगल्या डाव्या गालात. गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. जेवण झाल्यावर दोन्ही गाल पुसून तोंड साफ करायचे. दिवसातून अनेकदा कूस बदलायची, कारण एका जागी पडून पाठ फुटली तर तिथूनही ताप शिरतो. लघवी कोंडली, तिला घाण वास आला, तरी कळवायचे.

"म्हातारं शरीर, त्यात लकवा," ते म्हणाले. "बीमारी दार शोधत असते. तुम्ही एकमेकांकडे पाहत बसू नका, दाराकडे पाहा."

मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "आणि हे भांडं आता नको. यातून धार एकदम जाते."

अशा रीतीने माझे काम संपले. मला वाईट वाटले का? वाटले. पण उदारामांचा कंठ नीट हलताना पाहिला, तेव्हा ते कमी झाले. दुर्पता मला घरी घेऊन आली आणि उदारामही त्याच खाटेवरून आपल्या घरी आले. या वेळी खाटेला एका बाजूने मनीराम आणि दुसऱ्या बाजूने कवडू होता.

घरात मात्र गोष्टी लगेच सरळ झाल्या नाहीत. मनीराम सासऱ्याचे सगळे करायचा, पण स्वतःचे ताट गोठ्यात मागून घ्यायचा. एक दिवस दुर्पता ताट घेऊन गेली आणि तिथेच बसली. मी तिच्या दुसऱ्या हातात होतो, बैलाला औषध पाजायला तिने मला आणले होते.

"माहं चुकलं," ती म्हणाली.

मनीराम बैलाच्या मानेवरून हात फिरवत होता. "तू चाखून तरी पाह्यलं," तो म्हणाला. "बाकीच्याईनं तेबी नाई केलं. पन मले इचारलं असतंस, दुर्पता. मी सांगतलं असतं."

"तुमी बोलतच नाई."

"हो," तो म्हणाला. "तेबी आहे." आणि त्याने ताट पुढे ओढले.

उदाराम पुढे दोन मळण्या जगले. शब्द परत आले नाहीत, उजवा हातही आला नाही. मधल्या थंडीत पुन्हा एकदा छातीत घरघर सुरू झाली. या वेळी कोणी कोणाकडे पाहिले नाही. ताप जाणवला त्याच दिवशी कवडूने डॉक्टरांना आणले आणि ते वाचले. त्यानंतरच्या वर्षी मात्र लकव्याचा दुसरा झटका आला, आणि तो फार मोठा होता. डॉक्टर मान हलवून बाहेर आले.

शेवटच्या दिवशी घर माणसांनी भरले होते. कोणीतरी वाटीत पाणी आणि तुळशीचे पान आणून कवडूच्या हातात दिले. तो रक्ताचा, पुतण्या, त्याचाच मान. कवडूने ती वाटी थोडा वेळ हातात धरली. मग सगळ्यांदेखत मनीरामसमोर नेली.

"जवाई, तुमीच पाजा," तो म्हणाला.

मनीरामने सासऱ्याची मान उचलून घेतली, तुळशीच्या पानाने ओठ ओले केले, आणि उदारामांनी तोंड मिटले नाही.

मित्रांनो, मी आता कोनाड्यात असतो. बुडाला पोचा आला आहे, चोच वाकली आहे. दिवाळीला कोणी घासले तर घासले. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला लकवा झाला, तर त्याला बसवून भरवा, त्याचे तोंड साफ ठेवा, ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. त्याने तोंड फिरवले, तर भरवणाऱ्याच्या हातात विष शोधू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचा चांगला हात आपल्या हातात घ्या आणि त्यालाच विचारा. बोलता येत नसले, तरी त्याला पुष्कळ काही सांगायचे असते.